तुरुंगातून सुटलेल्यांसाठी एकत्र राहण्याचं घर: मतं, अनुभव, सूचना हव्या आहेत

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी,

मी आणि माझे काही सहकारी एका मध्यवर्ती कारागृहातून सुटून येणाऱ्यांना सुरुवातीच्या काळात हातभार लावतो. बँकेचं खातं, आधारवरचा पत्ता, गावाकडे फोन, कुठे पॅकिंगचं नाहीतर रखवालदारीचं काम, अशी ही मदत. आणि दर वेळी सगळं एकाच प्रश्नापाशी येऊन अडतं: हा माणूस आज रात्री झोपणार कुठे?

सुटका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठरलेली तारीख आणि गेटवर ताटकळणारे नातेवाईक येतात. शिक्षा पूर्ण करून येणाऱ्यांच्या नशिबी ते कधीमधी असतंही. पण आपल्या तुरुंगांतल्या बहुतेकांना शिक्षा झालेलीच नसते. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरच्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरात पंचाहत्तरहून जास्त. कच्चा कैदी सुटतो जामिनाच्या कागदावर. तो कागद तुरुंगाच्या जामीनपेटीत पडावा लागतो, पेटी ठरलेल्या वेळीच उघडते, मग नोंदी, अंगठे, झडती, आणि माणूस बाहेर येईपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असते. हातात एक पिशवी. त्यात आत जाताना जमा करून घेतलेला पट्टा, पाकीट आणि मोबाईल. मोबाईलची बॅटरी फुगलेली, सिम केव्हाच बंद झालेलं. घरच्यांचा नंबर त्याच मोबाईलमध्ये.

मग एसटी स्टँड. तिथे ओळखीचा कोण भेटणार? आत ओळख झालेला कुणीतरी, नाहीतर ज्याच्या संगतीने आत गेला तोच. तो गाडीवर घालून नेतो, पोटभर जेवू घालतो, झोपायला जागा देतो, आणि एक पैसा मागत नाही. चार दिवसांनी एक काम सांगतो. ज्याने निवारा दिला त्याला नाही कसं म्हणणार?

आमच्या मनात आहे ते असं. उपनगरात एक बऱ्यापैकी मोठी जागा भाड्याने घ्यायची. सहा-सात जण एकत्र राहतील. स्वयंपाक, झाडलोट, हिशेब सगळं त्यांचं त्यांनी बघायचं. कामाला लागले की भाड्यातला वाटा उचलायचा. सहा महिने ते वर्षभर राहून पुढे स्वतःची सोय बघायची.

एकेकाला वेगळी खोली का नको, असं काहींनी विचारलं. बरीच वर्षं आत काढलेल्या माणसाला एकट्याने झोपायची सवय राहत नाही. बरॅकमध्ये रात्रभर दिवा असतो, शेजारी पन्नास माणसं असतात. आमच्या ओळखीचे एक काका सुटल्यावर कित्येक दिवस संध्याकाळी साडेपाचलाच जेवून घ्यायचे आणि अंथरुणावर बसून राहायचे, कारण आत तीच बंदीची वेळ. बाहेर फेरफटका मारून या म्हटलं की गोंधळून जायचे. त्यांना पहिल्यांदा चौकापर्यंत घेऊन गेला तो त्यांच्याआधी सुटलेला एक पोरगा. आमच्यापैकी कुणाला ते जमलं नव्हतं. एकत्र राहण्यावर माझा विश्वास बसला तो तिथे.

अडचणी तीन आहेत. घर कोण देणार? शेजाऱ्यांना काय आणि कधी सांगायचं? घरात नियम कुठले असावेत? ज्यांना या विषयाची माहिती आहे, किंवा ज्यांना हे अजिबात पटत नाही, त्या सगळ्यांनी लिहावं ही विनंती.

---

माणदेशी

चांगला धागा. आमच्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा उल्लेख इथे यायलाच हवा. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच भारतानंद, यांनी १९३९ साली ही खुली वसाहत सुरू केली. भिंत नाही, बेड्या नाहीत, शिक्षा झालेल्यांनी कुटुंबासह राहायचं आणि जमीन कसायची. त्यावरून निघालेला 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा सगळ्यांना माहीत आहे, पण ती जागा सांगली जिल्ह्यात आहे हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. माणदेशासारख्या दुष्काळी मुलखात खुनाची शिक्षा झालेल्यांच्या हाती जमीन आणि कुऱ्हाडी दिल्या, ही साधी हिंमत नव्हे.

पण कऱ्हाकाठ, तुमचा प्रश्न स्वतंत्रपूरनेही सुटत नाही. खुली वसाहत शिक्षेच्या काळातली. शिक्षा संपली की तिथून बाहेर. जयपूरजवळच्या सांगानेरला हे फार स्पष्ट दिसतं. १९६३ पासून तिथे खुलं बंदी शिबिर आहे, तेव्हाचे राज्यपाल संपूर्णानंद यांच्या नावाने. बंदी स्वतःचं घर उभारतात, बायकामुलांना आणतात, शहरात कामाला जातात, संध्याकाळी हजेरीला परत येतात, आणि कारभार बघायला बंद्यांचीच पंचायत. शिक्षा संपल्यावरही तिथून हलायला तयार नाहीत असे लोक निघतात आणि प्रशासनाला त्यांना बाहेर काढावं लागतं, असं वाचलंय. मला त्यात नवल वाटत नाही. काम तिथे, पोरांची शाळा तिथे, ओळखी तिथे. सुटका म्हणजे यांच्यासाठी बेघर होणं.

---

माजघर

कऱ्हाकाठ, पटत नाही त्यांनीही लिहा म्हणालात म्हणून लिहितेय.

मला भीती वाटते. आमच्या इमारतीत बहुतेक बायका दिवसभर एकट्या असतात, मुली क्लासहून रात्री आठला येतात. समोरच्या फ्लॅटमध्ये तुरुंगातून आलेले सात पुरुष राहतात हे कळलं तर मी मुलीला जिन्यात एकटं सोडणार नाही. मी वाईट बाई नाही आणि कुणाचं वाईट व्हावं असंही मला वाटत नाही.

दुसरं. आमच्या नात्यात एकाचा खून झालाय. मारणारा सुटून आला, आता गावात फिरतो. माझी वहिनी त्याच्या घरावरून जायचं टाळते म्हणून दुकानाला लांबून जाते. तिच्यासाठी कुणी घर शोधत नाही. अशी चर्चा निघाली की मला आधी तिची आठवण येते, आणि तुमच्या एवढ्या मोठ्या लेखात तिच्यासारख्यांसाठी एकही ओळ नाही.

---

पिंपळपान

माजघर +१. दुसऱ्या मुद्द्याला जास्तच.

---

कऱ्हाकाठ

माजघर, मनापासून आभार. तुमच्या वहिनींचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगतो की तो माणूस गावी न जाता दुसरीकडे कुठे राहू शकला असता, तर त्यांना रोज लांबून जावं लागलं नसतं. गावाबाहेर घर मिळालं तर दोन्हीकडचे लोक सुटतील अशी प्रकरणं आमच्याकडे खूप येतात. बांधावरून, भावकीतून झालेले खून असतात. परत गेला की दोन्ही घरं पुन्हा पेटतात.

जिन्याच्या भीतीबद्दल इतरांनीही लिहावं.

---

हडसनकाठी

माजघर यांच्या पहिल्या मुद्द्यावर लिहितो. न्यूयॉर्कमध्ये राहतो, आणि इथल्या एका घराबद्दल बरंच वाचलंय, बाहेरून पाहिलंयही.

फॉर्च्यून सोसायटी नावाची संस्था १९६७ पासून सुटलेल्या बंद्यांसाठी काम करते. तिचं हार्लेममध्ये १४० व्या रस्त्यावर नदीकाठी एक घर आहे. मुळात १९१३ साली मुलींच्या कॅथलिक शाळेसाठी बांधलेली दगडी इमारत. मनोरे वगैरे असल्यामुळे सगळे तिला 'कॅसल' म्हणतात. मधल्या काळात ती ओस पडली होती आणि आत नशापाण्याचे धंदे चालायचे. संस्थेने ती घेतली तेव्हा आजूबाजूच्या लोकांचा विरोध होता. कारणं माजघर यांनी लिहिली आहेत तीच: मुलं, बायका, घरांच्या किमती. संस्थेने कोर्टकचेरीपेक्षा बैठकांवर भर दिला. शेजाऱ्यांना घेऊन समिती बसवली, काय होणार, कोण येणार, तक्रार कुणाकडे करायची हे आधी ठरवलं. २००२ मध्ये घर सुरू झालं. साठेक जणांची सोय आहे. काही जण तुरुंगातून थेट इथे येतात.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच जागेला लागून २०१० मध्ये त्यांनी अकरा मजली इमारत उभी केली, ११४ घरांची. त्यातली निम्म्याच्या आसपास घरं सुटून आलेल्यांना आणि बेघरांना, बाकीची त्याच भागातल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना. ज्या वस्तीने विरोध केला तिथलीच माणसं आता एकाच लिफ्टने वर जातात. संस्थेने शेजाऱ्यांकडे नुसती सहनशीलता मागितली नाही, त्यांना लागणारी वस्तू दिली, आणि न्यूयॉर्कमध्ये परवडणाऱ्या घरापेक्षा गरजेची वस्तू नाही.

घरात दर गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांची बैठक असते. नवा आलेला बोलतो, जुना बोलतो. कामाला लागलो, आईशी फोनवर बोललो, पहिल्यांदा एकट्याने सबवेने गेलो. असल्या गोष्टींना टाळ्या पडतात. कऱ्हाकाठ, ही बैठक मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा.

---

नवीपाटी

खूप दिवस नुसता वाचत होतो, या धाग्यासाठी सदस्य झालो. मी आत होतो. गुन्हा काय ते लिहिणार नाही, शिक्षा पूर्ण भोगून आलोय.

सुटलो तेव्हा गावी जाता येत नव्हतं. समोरच्या पार्टीचं घर आमच्या आळीतच. आई म्हणाली, 'तू येऊ नको, मीच येत जाईन भेटायला.' पुण्यात कॉट बेसिसवर जागा घेतली. मालकिणीने आधार बघितलं, डिपॉझिट घेतलं. मग पोलिसांत भाडेकरूची माहिती भरायची वेळ आली. मी खरं सांगितलं. तिने डिपॉझिट परत दिलं, वर डबा पण भरून दिला, पण म्हणाली, 'दादा, सकाळी निघ.' तिच्यावर माझा राग नाही. पुढच्या ठिकाणी काही सांगितलं नाही, आणि रोज कामावरून येताना वाटायचं, आज कळलं असेल. हे वाटणं फार वाईट. झोप लागत नाही, माणूस चिडका होतो, कामावर भांडणं होतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं: घर असं पाहिजे जिथे लपवायला लागत नाही. बाकी सगळं नंतर.

दुसरं, नियमांबद्दल. आत बरॅकमध्ये एक जण 'भाई' असतो किंवा जुना वॉर्डर असतो. कुणी कुठे झोपायचं, पंख्याखाली कोण, संडासाजवळ कोण, हे तो ठरवतो. तुमच्या घरात सात जण आले की आठवड्यात हेच सुरू होणार, तुम्हाला बाहेरून कळणारपण नाही. सगळ्यांत धिप्पाड माणूस खिडकीजवळची जागा घेईल आणि सगळ्यात गरीब पोरगा सगळ्यांची भांडी घासेल. त्यामुळे जागा चिठ्ठ्या टाकून द्या. पैशाची वही महिन्याला दुसऱ्याच्या हातात. भांड्यांच्या पाळ्या भिंतीवर लिहून. आणि कुणाची केस काय, हे जेवताना काढायचं नाही. ज्याला सांगायचं तो सांगेल.

तिसरं. दारू. घरात नाहीच, आणि पिऊन यायचंपण नाही. पण एकदा पिऊन आला म्हणून त्याच रात्री रस्त्यावर काढू नका. रात्री काढलेला माणूस कुठे जातो ते वर लिहिलंय तुम्ही. सकाळी बसवा आणि सगळ्यांनी मिळून ठरवा.

माजघर ताई, तुमच्या जागी माझी बहीण असती तर तीही हेच बोलली असती.

---

पिंपळपान

नवीपाटी, स्वागत. लिहीत राहा.

---

गिरणगाव

मला यात आपल्या ओळखीचं एक जुनं चित्र दिसतं. लालबाग-परळला गावकी मंडळांच्या खोल्या होत्या, काही अजून आहेत. घाटावरच्या, कोकणातल्या एकेका गावाने मिळून घेतलेली खोली. गिरणीत लागलेला गडी गावाहून आला की थेट तिथे. भिंतीला लागून ट्रंका, ज्याची पाळी संपली तो झोपणार, महिन्याची वर्गणी, मंडळाचा सेक्रेटरी, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. धोबी तलावला गोंयकारांच्या कुडी अशाच: गावाच्या नावाने चालणारी, बोटीवर काम करणाऱ्यांना आणि नोकरी शोधायला आलेल्यांना स्वस्तात खाट देणारी. संध्याकाळी तेर्स म्हणजे रोजरीच्या प्रार्थनेला बसायचं हा नियम.

या खोल्या टिकल्या त्या जामीनदारीवर. नवा पोरगा वाह्यात वागला तर गावात निरोप जायचा, आणि त्याला आणणाऱ्याची मान खाली जायची. सुटून आलेल्याच्या मागे असा गावच नसतो, किंवा असून नसतो. मग त्याची हमी कोण घेणार? माझ्या मते आधी त्या घरात राहून गेलेल्यांनी. वर्षभर राहून बाहेर पडलेल्या माणसाचं घराशी नातं सुटता कामा नये. रविवारी जेवायला येईल, नव्याला कामावर चिकटवेल, त्याच्याबद्दल शब्द टाकेल. पहिल्या वर्षी हे जमणार नाही, कारण राहून गेलेलं कुणीच नसेल. तिसऱ्या वर्षापासून घराचा जीव तोच.

---

काळाकोट

कायद्याच्या बाजूने थोडक्यात, कारण यावर फार गैरसमज असतात.

शिक्षा भोगून झालेल्या किंवा जामिनावर असलेल्या माणसाला घर भाड्याने देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, ती जबाबदारी महाराष्ट्रात घरमालकावर आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची ती द्या, ते परवानगी मागणं नव्हे. सोसायटीतही सभासदाने भाडेकरू ठेवताना कळवणं पुरेसं असतं, तरी कमिट्या अडवतात हे खरं. म्हणून पहिलं घर सोसायटीत नको, स्वतंत्र बैठं घर किंवा वाड्याचा भाग बघा. करार संस्थेच्या नावावर करा, राहणाऱ्यांच्या नावे नको. म्हणजे एक जण गेला-आला तरी करार मोडत नाही.

जामिनावरच्या लोकांसाठी अशा घराचा आणखी एक उपयोग आहे जो कुणी लिहिला नाही. कोर्टाला पत्ता लागतो. ज्याचा पत्ताच नाही त्याला जामीन मंजूर होऊनही तो आतच राहतो. जामिनाचे पैसे भरता येत नाहीत अशा गरीब बंद्यांसाठी केंद्राने २०२३ मध्ये योजना आणली, त्यात सुरुवातीला कच्च्या कैद्याला ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. पैशाचा प्रश्न त्याने काही प्रमाणात सुटेल, पण राहायचं ठिकाण कागदावर दाखवावंच लागतं. तुमचं घर नोंदणीकृत संस्थेचं असेल आणि संस्था लिहून देत असेल की हा माणूस इथे राहणार, तर वकिलाच्या हातात कोर्टापुढे ठेवायला काहीतरी येतं.

जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. मुंबई-ठाण्याच्या बाजूला असाल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'प्रयास'शी बोला. १९९० पासून तुरुंग आणि सुटकेनंतरचं काम करतात. सुटून आलेल्यांना आधी एखाद्या सामाजिक संस्थेत मानधनावर कामाला ठेवायचं आणि मग बाजारातल्या नोकरीकडे न्यायचं ही त्यांची पद्धत तुमच्या घराला फार उपयोगी पडेल.

---

सई_सातारा

सगळे पुरुषांबद्दलच बोलताहेत म्हणून. माझं काम बायकांच्या बरॅकशी संबंधित आहे.

पुरुष आत असला की बायको मुलाखतीला, म्हणजे तुरुंगात भेटायला येते, डबा आणते, वकिलाच्या पायऱ्या झिजवते. बाई आत गेली की मुलाखतीची खिडकी बहुतेक रिकामीच असते. सुटल्यावर सासर दार उघडत नाही आणि माहेर 'भावाच्या पोरीचं लग्न व्हायचंय' म्हणतं.

आईबरोबर मूल सहा वर्षांपर्यंत आत राहू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तसं ठरवून दिलंय. त्यानंतर नातेवाईक नाहीतर बालगृह. आई सुटते तेव्हा तिला मूल परत हवं असतं, आणि बालकल्याण समिती विचारणारच की तू राहतेस कुठे, मिळवतेस काय. तिचं म्हणणं असतं, 'मूल मिळालं तर मी घर करीन.' समितीचं म्हणणं, घर दाखव मग मूल. दोघांचंही बरोबर आहे आणि मधे महिने जातात. एका बाईने बालगृहाच्या भेटीच्या खोलीत पोराच्या हाताची नखं कापलेली मी पाहिली. वेळ संपली म्हणून एका हाताची राहिली. पोराने तो हात बघितला आणि विचारलं, 'ही पुढच्या वेळी?'

बायकांसाठी घर काढाल तर त्यात मुलांसाठी जागा धरूनच काढा. तीन बायका आणि त्यांची मुलं एकत्र राहिली तर एक घरी थांबते, दोघी कामाला जातात, हे साधं गणित आहे. सरकारी महिलागृहात राहता येतं, पण तिथे वेळेचे आणि बाहेर जाण्याचे नियम इतके असतात की रात्रपाळीची नोकरी धरता येत नाही.

---

थेम्सकाठ

इंग्लंडमधली एक गोष्ट सांगतो, वेळेबद्दलची. इथे खूप सुटका शुक्रवारी व्हायच्या. माणूस दुपारी बाहेर पडायचा, कौन्सिलचं घरांचं ऑफिस, डॉक्टर, बँक, सगळं गाठायला दोन-तीन तास, आणि मग शनिवार-रविवार सगळं बंद. शेवटी २०२३ मध्ये कायदा केला की शुक्रवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी सुटणाऱ्याला एक-दोन दिवस आधी सोडता येईल. त्याआधी २०२१ पासून काही भागांत, सुटल्यावर बेघर होणाऱ्यांना ८४ रात्रींपर्यंत तात्पुरता निवारा द्यायची योजना सुरू झाली होती.

८४ रात्री कमी पडतात अशी ओरड आहे, कारण बारा आठवड्यांत घर सापडत नाही. तुम्ही सहा महिने ते वर्ष म्हणताय ते योग्य वाटतं. आणि तुमच्या घराचं दार रात्री नऊलाही उघडायला हवं, कारण तुमच्याकडे लोक दिवेलागणीनंतर येणार. सकाळी अर्ज घेऊन या, असं म्हटलंत तर घराचा मूळ उपयोगच गेला.

---

बेएरियातला

सॅन फ्रान्सिस्कोची डिलान्सी स्ट्रीट नावाची संस्था यात यायलाच हवी. १९७१ पासून चालू आहे. पगारी कर्मचारी जवळपास नाहीत, जुने रहिवासी नव्यांना शिकवतात. निदान दोन वर्षं राहायचं. सामान हलवण्याच्या व्यवसायासारखे धंदे रहिवासी चालवतात आणि त्यावर घर चालतं. बंदराकाठची त्यांची मोठी इमारत रहिवाशांनीच बांधकाम शिकून उभारली, १९९० मध्ये पूर्ण झाली.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग खाडीपलीकडे ओकलंडला. २०१८ पासून 'होमकमिंग प्रोजेक्ट' लांबची शिक्षा भोगून आलेल्यांना सामान्य कुटुंबांच्या रिकाम्या खोलीत सहा महिने ठेवतो, आणि घरमालकाला त्याचे पैसे देतो. खोली द्यायच्या आधी दोघांची भेट, आवडीनिवडी, घरातल्या सवयी, सगळं बोलून घेतात. आपल्या बऱ्याच मराठी लोकांची घरं याच काउंटीत आहेत, फ्रीमाँटला वगैरे. मुलं कॉलेजला गेली की वरच्या खोल्या रिकाम्या. मी घरी विषय काढलाय, अजून होकार नाही.

---

सोलापुरी

डिलान्सी स्ट्रीटसारखं मोठं इथे करू नका, ही कळकळीची विनंती.

आमच्या सोलापुरात इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात, म्हणजे 'सेटलमेंट'मध्ये ठेवलं. नाव सुधारणेचंच होतं: काम देऊ, शाळा देऊ, माणसात आणू. १९५२ मध्ये देशभरातून कायदा गेला, कुंपण गेलं, पण सेटलमेंटचा पत्ता सांगितला की आजही समोरच्याचा चेहरा बदलतो. आमच्या लोकांना न केलेल्या गुन्ह्यासाठीसुद्धा खोली मिळत नाही. त्यामुळे 'सुटलेल्यांची वसाहत' हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो. शंभर जण एका ठिकाणी ठेवलेत की त्या जागेला नाव पडणार, आणि चोरी कुठेही झाली तरी पहिली गाडी तिथेच येणार.

सहा-सात जणांचं घर ठीक. दुसरं काढायचं तर दुसऱ्या वस्तीत काढा. दारावर पाटी लावू नका. लपवा असं मी म्हणत नाही. शेजाऱ्यांना सांगा, पोलिसांना सांगा, पण पोस्टमनला आणि पोरांच्या शाळेला तो पत्ता इतर पत्त्यांसारखाच दिसू दे.

---

हडसनकाठी

सोलापुरी, मुद्दा मान्य. कॅसलशेजारच्या इमारतीत निम्मी घरं वस्तीतल्या लोकांना देण्यामागेही मला हाच विचार दिसतो.

---

माजघर

सगळं वाचलं. भीती गेली असं म्हणणार नाही. पण आत्ताही माझ्या बिल्डिंगमध्ये कोण काय करून आलाय हे मला कुठे माहीत आहे? जे घर आधी येऊन सांगेल, ज्याचा एक फोन नंबर माझ्याकडे असेल आणि जो रात्री अकरालाही कुणीतरी उचलेल, त्याच्याशी मी बोलू शकते. बायका-मुलांवरच्या गुन्ह्यांतले लोक अशा घरात घेणार की नाही, याचं उत्तर मात्र शेजाऱ्यांना स्पष्ट द्या. तिथे गुळमुळीत चालणार नाही.

---

कऱ्हाकाठ

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल अशी अपेक्षा नव्हती. काल बसून आम्ही जे ठरवलं ते लिहितो.

बैठं घर, सोसायटी नाही, करार संस्थेच्या नावावर. सहा जण, त्याहून जास्त नाही. शेजारच्या घरांना आधी भेटणार, आणि एक नंबर देणार जो रात्रीही उचलला जाईल. माजघर, तुमच्या प्रश्नाचं आजचं उत्तर असं: लैंगिक गुन्ह्यांतल्या लोकांना या घरात घेणार नाही. त्यांना निवारा नको असं आमचं मत नाही, पण त्यासाठी लागणारी देखरेख आणि समुपदेशन आमच्याकडे नाही, आणि मुलाबाळांच्या वस्तीत ते न करता पुढे जाणं चूक होईल.

नवीपाटींचे नियम जवळपास जसेच्या तसे घेतलेत: चिठ्ठ्या, फिरती वही, भिंतीवर पाळ्या, जेवताना केस काढायची नाही, रात्री कुणाला बाहेर काढायचं नाही. गुरुवारऐवजी रविवारी बैठक, कारण इथे बहुतेकांना रविवारी सुट्टी. नवीपाटी, पहिल्या काही बैठकांना तुम्ही यावं अशी फार इच्छा आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

सई, बायकांच्या घराचं वेगळं बोलायला हवं. या घराला चिकटवून केलं तर त्यावर अन्याय होईल. तुम्ही धागा काढाल का?

पैशाचं गणित अजून बसत नाही. भाडं, डिपॉझिट, सुरुवातीचा गॅस आणि भांडीकुंडी जमेल. महिना अखेरीला ज्यांना काम नाही त्यांचा वाटा कोण भरणार, तिथे अडलंय.

---

नवीपाटी

व्यनि पाहिला. येतो.

वाट्याचं असं करा. काम लागलेल्याकडून पहिल्या महिन्याला काहीच घेऊ नका, त्याला चप्पल-कपडे घ्यायचे असतात, घरी चार पैसे पाठवायचे असतात. दुसऱ्या महिन्यापासून सगळ्यांचा सारखा वाटा, आणि त्यातून थोडे बाजूला टाकायचे बिनकामाच्या माणसासाठी. ज्याला काम नाही त्याने बाजारहाट आणि दोन वेळचा स्वयंपाक करायचा. आत मी भटारखान्यात होतो, चारशे माणसांची भाजी केलीय, सहा जणांची शिकवीन कुणालाही.

---

गिरणगाव

ओळखीच्या एकांचं हडपसरच्या पुढे बैठं घर दोन वर्षं बंद आहे. तीन खोल्या, मागे मोरी आणि विहीर, पाणी चांगलं. मालक बँकेतून निवृत्त, मुलाकडे असतात. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, हा धागाही वाचायला दिला. म्हणाले, आधी भेटायचंय, आणि जे राहणार आहेत त्यांच्यापैकी निदान दोघांना घेऊन या. कऱ्हाकाठ, येत्या शनिवारी सकाळी जमेल का?